जुना बी४५० बोर्ड, रायझन ५ २६०० आणि ५८००एक्स३डी: पैसे वसूल झाले का?

सेटअप आधी सांगून टाकतो म्हणजे पुढचं सगळं नीट कळेल. रायझन ५ २६००, बी४५० चिपसेटचा साधा मायक्रो एटीएक्स बोर्ड, १६ जीबी डीडीआर४ रॅम (३००० स्पीडची, दोन स्टिकमध्ये), आरटीएक्स ३०६० टीआय ग्राफिक्स कार्ड आणि १०८०पी चा १४४ हर्ट्झ मॉनिटर. पीसी माझ्या मामेभावाचा, नाशिकला. २०२२ ची दिवाळी उरकली आणि त्याचा फोन आला, दादा प्रोसेसर बदलायचा म्हणतोय, दुकानदार म्हणतो बोर्ड रॅम सगळंच काढ आणि नवीन एएम५ (एएमडीचं नवं सॉकेट, म्हणजे बोर्डवरची प्रोसेसर बसायची जागा) वर जा, मित्र म्हणतो ५६०० घे आणि मोकळा हो, आणि कॉलेजमधला एकजण म्हणतो ५८००एक्स३डी सोडून काही घेऊच नकोस, मग नक्की करू काय?

तिघांचंही चुकीचं नव्हतं खरंतर. तिघं वेगवेगळ्या प्रश्नाचं उत्तर देत होते एवढंच. म्हणून हे प्रकरण पूर्ण लिहितोय, कारण प्रोसेसर चांगला का वाईट हे नुसत्या प्रोसेसरकडे बघून ठरत नाही, तो कुठल्या बोर्डवर बसणार, त्यावर काय काम होणार आणि तो बसवताना बाकी काय काय विकत घ्यावं लागणार ह्या सगळ्यावर ठरतं, आणि ५८००एक्स३डी इतकं ह्या गोष्टीचं चांगलं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

पहिलं काम, प्रोसेसरच अडवतोय का हे बघणं. बरेच जण इथेच घाई करतात. मामेभाऊ म्हणाला टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू ४० टक्क्यांच्या वर जातच नाही, मग प्रोसेसर कसा कमी पडेल? तर तो आकडा सगळ्या १२ थ्रेडची सरासरी असतो (२६०० मध्ये गणित करणारे भाग, म्हणजे कोअर, सहा आणि प्रत्येकावर कामाचे दोन धागे, म्हणजे थ्रेड). फ्लाइट सिम्युलेटरसारख्या गेममध्ये एक मुख्य थ्रेड सगळं ओढत असतो, तो एक कोअर पूर्ण भरलेला आणि बाकीचे अर्धे रिकामे, त्यामुळे सरासरी कमी दिसते पण गेम तिथेच अडकलेला असतो. खरी खूण ग्राफिक्स कार्डाच्या वापरात दिसते. जीपीयू ९५-९८ टक्क्यांवर चिकटलेलं असेल तर कार्ड कमी पडतंय, आणि ते ६०-७० वर लोळत असेल आणि एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम दिसतात तो आकडा) वर लिमिटही लावलेली नसेल तर प्रोसेसर त्याला काम पुरवू शकत नाहीये. अजून एक सोपी टेस्ट आहे, रिझोल्यूशन आणि ग्राफिक्स सेटिंग्ज मुद्दाम खाली आणा, एफपीएस वाढले नाहीत तर अडचण प्रोसेसरचीच. त्याने मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये मोठ्या शहरावरून विमान नेत हे करून पाहिलं, सेटिंग्ज खाली आणूनही एफपीएस जवळपास तेवढेच. असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने मध्ये भरलेल्या ग्रिडवर रेस सुरू होताना तसंच. वॅलोरंटमध्ये मात्र काहीच तक्रार नव्हती, तिथे २६०० सुद्धा पुरत होता. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता उमेदवार. रायझन ५ ५६००, ६ कोअर १२ थ्रेड, ३२ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली हाताशी असलेली वेगवान मेमरी), ६५ वॉट, एप्रिल २०२२ मध्ये १९९ डॉलरला आलेला, कूलर बॉक्समध्येच. रायझन ७ ५८००एक्स३डी, ८ कोअर १६ थ्रेड, ९६ एमबी एल३, १०५ वॉट, २० एप्रिल २०२२ ला ४४९ डॉलरला आला, कूलर वेगळा घ्यायचा. आणि दुकानदाराचा पर्याय म्हणजे रायझन ५ ७६००एक्स, ६ कोअर, सप्टेंबर २०२२ मध्ये २९९ डॉलर, पण सॉकेट एएम५ म्हणजे बोर्ड नवा आणि रॅम डीडीआर५ च लागणार, जुनी डीडीआर४ बसतच नाही. इंटेलकडे १२वी पिढी चांगली होती तेव्हा, आय५ १२४००एफ बऱ्याच जणांनी घेतला, पण त्यालाही बोर्ड बदलावा लागतो म्हणून ह्या केसमध्ये तो लवकर बाद झाला.

५८००एक्स३डी मध्ये वेगळं काय आहे ते समजल्याशिवाय पुढचे आकडे कळणार नाहीत. कोअर तेच झेन ३ पिढीचे, साध्या ५८००एक्स मधले, उलट क्लॉक (चालण्याचा वेग) कमी. ५८००एक्स चा बूस्ट, म्हणजे कमाल वेग, ४.७ गिगाहर्ट्झ, ह्याचा ४.५, बेस ३.८ च्या जागी ३.४. म्हणजे कागदावर हा हळू प्रोसेसर आहे. फरक इतकाच की कोअरच्या चकतीवर अजून एक पातळ सिलिकॉनची चकती उभी रचून बसवली आहे, त्यात ६४ एमबी कॅश, खालची ३२ धरून ९६. रायझन बनवणाऱ्या एएमडीच्या प्रमुख लिसा सू यांनी जून २०२१ च्या कॉम्प्युटेक्समध्ये हे तंत्र पहिल्यांदा दाखवलं होतं, आणि सर्व्हरच्या एपिक प्रोसेसरमध्येही तेच वापरलं गेलं.

कॅश वाढली की काय होतं? प्रोसेसरला लागणारी माहिती एल३ मध्ये सापडली तर साधारण १०-१२ नॅनोसेकंदात मिळते, नाही सापडली तर रॅमपर्यंत जावं लागतं आणि तिथे ६०-८० नॅनोसेकंद जातात, आणि तेवढा वेळ तो कोअर बऱ्यापैकी नुसता थांबून असतो. ओट्यावर मिसळणाचा डबा हाताशी असणं आणि दर चिमटीला वाण्याकडे जाणं, इतका फरक. आता मामेभावाच्या २६०० मध्ये एल३ एकूण १६ एमबी, पण ती दोन गटात ८-८ अशी वाटलेली, म्हणजे एका कोअरला सरळ हाताशी ८ एमबीच. ५८००एक्स३डी मध्ये आठही कोअरना मिळून ९६. बारा पट! सिम्युलेशनच्या गेममध्ये शेकडो गाड्यांचा, विमानांचा, इमारतींचा हिशोब दर फ्रेमला होत असतो, त्याची माहिती इकडेतिकडे विखुरलेली असते, तिथे ही कॅश सगळ्यात जास्त कामाला येते.

आणि जिथे माहिती छोटी असते आणि नुसतं गणित करत राहायचं असतं तिथे ही कॅश पडून राहते. सिनेबेंच ही रेंडरिंगची टेस्ट त्याचं उदाहरण. त्यात ५८००एक्स३डी हा साध्या ५८००एक्स पेक्षा थोडा मागेच पडतो कारण क्लॉक कमी. आता विचार करा, नुसता सिनेबेंच स्कोअर बघून कोणी निर्णय घेतला असता तर तेव्हाचा गेमिंगमधला सगळ्यात तगड्या प्रोसेसरांपैकी एक त्याने यादीतूनच काढून टाकला असता. त्याच महिन्यात इंटेलचा आय९ १२९००केएस आला होता ७३९ डॉलरला, १६ कोअर, टर्बोमध्ये २४१ वॉटपर्यंत जाणारा, आणि हा ४४९ चा आठ कोअरवाला त्याच्याशी गेममध्ये बरोबरी करत होता, काही गेममध्ये पुढे जात होता. रेंडरिंगला मात्र १२९००केएस कितीतरी पुढे.

म्हणून मी नेहमी सांगतो, "सरासरी इतके टक्के फास्ट" ह्या वाक्यावर निर्णय घेऊ नका. एएमडीने लाँचला सांगितलं होतं की १०८०पी वर हा १२ कोअरच्या ५९००एक्स पेक्षा गेममध्ये सरासरी १५ टक्के पुढे आहे. खोटं नव्हतं ते. पण त्यांच्याच स्लाइडवर एका गेममध्ये फरक ३५ टक्क्यांच्या वर होता आणि सीएस:गो मध्ये शून्य. १५ टक्के नावाचा अनुभव कोणालाच येत नाही, एकाला ३५ चा येतो आणि दुसऱ्याला शून्याचा. तुम्ही कोण आहात ते तुमचे गेम ठरवतात. मामेभाऊ फ्लाइट सिम आणि असेटो कोर्सा खेळतो, आणि ह्या कॅशचा फायदा सगळ्यात मोठा दिसणाऱ्या गेमच्या यादीत हे दोन्ही वरती आहेत. तो फक्त वॅलोरंट खेळत असता तर हा लेख दोन ओळींचा झाला असता.

दुसरी गोष्ट, एफपीएसची सरासरीसुद्धा फसवते. समजा शंभर फ्रेम आहेत, ९९ फ्रेम प्रत्येकी ८ मिलिसेकंदात आल्या आणि एक फ्रेम ५० मिलिसेकंद घेऊन आली. एकूण ८४२ मिलिसेकंद, म्हणजे सरासरी जवळपास ११९ एफपीएस, वाचायला एकदम मस्त. पण ती एक ५० वाली फ्रेम डोळ्याला लगेच टोचते, सेकंदाला एकदा असा झटका बसला तर रेस चालवणं नको होतं. म्हणून १ टक्का लो नावाचा आकडा बघायचा, सगळ्यात वाईट फ्रेम कशा होत्या ते तो सांगतो. मामेभावाची तक्रारही नेमकी तीच होती, एफपीएस कमी आहेत असं तो कधीच म्हणाला नाही, "अडकतं" म्हणाला. आणि मोठी कॅश हेच अडकणं कमी करते कारण रॅमपर्यंतच्या फेऱ्या कमी होतात.

आता पैसे. हिशोबासाठी तेव्हाचा डॉलर ८२ रुपये धरू आणि वर १८ टक्के जीएसटी. ५६०० मग साधारण १९ हजार, ५८००एक्स३डी ४३ हजार, ७६००एक्स २९ हजार. दुकानात भाव ह्यापेक्षा खाली आले होते, ५८००एक्स३डी तर अमेरिकेत दिवाळीनंतरच्या सेलमध्ये ३५० डॉलरच्या खाली गेला होता, तरी तुलना करायला लाँचचे भाव पुरेत. नुसती प्रोसेसरची किंमत भागिले एफपीएस केलं तर ५६०० सगळ्यांना हरवतो, नेहमीच हरवणार, कारण स्वस्त प्रोसेसर त्या भागाकारात कायम जिंकतो. पण नुसता प्रोसेसर टेबलावर ठेवून कोणी गेम खेळत नाही. अख्खा नवीन पीसी बांधताय आणि बाकीचं सामान ६० हजाराचं आहे असं धरा, तर ५६०० सकट ७९ हजार आणि ५८००एक्स३डी सकट १ लाख ३ हजार, म्हणजे खर्चात फरक ३० टक्के. आता प्रश्न सोपा झाला, तुमच्या गेममध्ये फायदा ३० टक्क्यांच्या आसपास किंवा वर आहे का? असेल तर महागडा प्रोसेसर महाग नाही. नसेल तर ते २४ हजार ग्राफिक्स कार्डात टाका.

मामेभावाचं गणित तर अजून वेगळं, कारण त्याच्याकडे बोर्ड, रॅम सगळं होतंच. ५६०० घेतला तर खर्च १९ हजार, बास. ५८००एक्स३डी घेतला तर ४३ हजार अधिक एक बरा एअर कूलर. आणि ७६००एक्स घेतला तर २९ हजार, अधिक बी६५० बोर्ड, अधिक डीडीआर५ रॅम, अधिक कूलर, आणि तेव्हा बोर्ड आणि रॅम मिळून प्रोसेसरइतकेच पैसे सहज जात होते, म्हणजे २९ चे ५८-६० होतात. आणि एवढं करून त्याच्या दोन गेममध्ये ७६००एक्स काही ५८००एक्स३डी च्या पुढे जाणार नव्हता. दुकानदाराचा मुद्दा एकच खरा होता की एएम५ वर पुढे अपग्रेड मिळत राहील. ते बरोबरच आहे, पण पुढच्या अपग्रेडचे पैसे आज कशाला भरायचे, जेव्हा आजचा बोर्ड अजून चार वर्षं ओढू शकतो?

इथे एएम४, म्हणजे बी४५० बोर्डवरच्या सॉकेटबद्दल सांगायलाच हवं. पहिले रायझन मार्च २०१७ मध्ये ह्या सॉकेटवर आले. मे २०२० मध्ये एएमडीने जाहीर केलं होतं की झेन ३ चे प्रोसेसर बी४५० वर चालणार नाहीत, लोकांनी इतका आवाज उठवला की काही दिवसात निर्णय फिरवावा लागला. २०२२ मध्ये तर ३०० सिरीजच्या बोर्डनाही ५००० सिरीजची परवानगी मिळाली. म्हणजे २०१७ ला घेतलेल्या बोर्डवर २०२२ चा ५८००एक्स३डी बसू शकतो! ग्राहकांनी मागणी लावून धरली म्हणून हे झालं आणि मला ह्या गोष्टीचं खरंच कौतुक वाटतं, कारण त्या एका निर्णयामुळे लाखो बोर्ड भंगारात जायचे वाचले आणि मामेभावाचाही त्यातलाच एक.

५६०० का ५८००एक्स३डी ह्यावर मी खूप विचार केला. २६०० वरून ५६०० वर गेलं तरी उडी मोठीच आहे, एएमडीच्या सांगण्याप्रमाणे झेन ३ मध्ये (५६०० त्याच पिढीचा) त्याच क्लॉकला झेन २ पेक्षा १९ टक्के जास्त काम होतं आणि झेन २ स्वतः झेन प्लसच्या, म्हणजे २६०० च्या पिढीच्या, पुढे होता. शिवाय एल३ एका गटात आली. ९० टक्के लोकांना मी डोळे मिटून ५६०० सांगतो, आजही. पण हा प्रोसेसर ह्या बोर्डवरचा शेवटचा असणार होता, पुढच्या वेळी सगळंच बदलायचं हे नक्की होतं, मग शेवटचा घेताना त्या सॉकेटवरचा ह्या कामासाठीचा सगळ्यात चांगला घ्यावा म्हणजे ते सगळंच बदलणं जितकं लांब जाईल तितकं बरं. शिवाय मोठ्या कॅशमुळे ह्याला रॅमच्या स्पीडने कमी फरक पडतो, त्यामुळे ३००० ची जुनी रॅम बदलायची गरज नव्हती, तेही पैसे वाचले. व्हिडिओ एडिटिंग तो अधूनमधून करतो, घरातली लग्नं वगैरे. तेच रोजचं काम असतं तर मी ५९००एक्स सांगितला असता, तिथे १२ कोअरचा उपयोग झाला असता आणि कॅशचा फार नाही.

शेवटी ५८००एक्स३डी घेतला, सेलमधल्या उतरलेल्या भावात.

बसवताना ज्या गोष्टींकडे बघितलं त्या पटापट सांगतो. बायोस (बोर्डचं स्वतःचं सॉफ्टवेअर) आधी अपडेट करायचा, जुना २६०० बसलेला असतानाच, कारण जुन्या बायोसवर नवीन प्रोसेसर सुरूच होणार नाही, आणि अपडेट चालू असताना लाइट गेली तर बोर्ड जाऊ शकतो म्हणून यूपीएसवर लावूनच करा. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात, जुना कूलर सरळ वर ओढला तर वाळलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसर सॉकेटमधून उपसून येतो आणि पिना वाकतात, म्हणून आधी पीसी थोडा चालवून गरम करा आणि कूलर डावीउजवीकडे हलकेच फिरवून सोडवा. बोर्डच्या पॉवर सप्लायच्या भागावर हीटसिंक आहे का ते बघा, २६०० हा ६५ वॉटचा होता आणि हा १०५ चा. गेममध्ये हा तेवढा ओढत नाही, तासभर रेंडर लावला तर ओढतो.

तापमान हा मात्र खरा विषय आहे आणि परदेशी रिव्ह्यूमध्ये तो आपल्याला लागू होईल असा कधीच येत नाही. कॅशची चकती रचताना कोअरच्या वरही सिलिकॉनचा जास्तीचा थर आला, त्यामुळे कोअरची उष्णता त्यातून वर यावी लागते, आणि ह्या प्रोसेसरची मर्यादा ९० अंश. रिव्ह्यूवाल्यांची खोली २०-२२ अंशाची. नाशिकला एप्रिलमध्ये वरच्या मजल्यावर खोली सहज ३५ ला जाते, नागपूर-अकोल्याला त्याच्याही पुढे. खोली जितकी जास्त गरम तितकं जवळपास तेवढंच तापमान प्रोसेसरचंही वर सरकतं. म्हणजे रिव्ह्यूमधले ७५ आपल्याकडे ८८-९० होतात आणि प्रोसेसर स्वतःहून क्लॉक खाली आणायला लागतो. ओव्हरक्लॉकिंग ह्यात बंद आहे, पण काही बोर्ड बायोसमधून व्होल्टेज कमी करू देतात, एमएसआयच्या बोर्डमध्ये कॉम्बो स्ट्राइक नावाने ते आलं. विदर्भ-मराठवाड्यात राहणाऱ्याने हा प्रोसेसर घेताना कूलर आणि कॅबिनेटच्या पंख्यांचे पैसे किंमतीतच धरावेत, तो ऐच्छिक खर्च नाही.

निकाल काय लागला? फ्लाइट सिममध्ये मोठ्या विमानतळावर उतरताना जे अडकत होतं ते जवळपास गेलं. असेटो कोर्सामध्ये पूर्ण ग्रिडवर पहिल्या वळणापर्यंतचे झटके बंद, तो म्हणाला "दादा, गेमच वेगळा वाटतोय". वॅलोरंटमध्ये आकडा बराच वाढला पण खेळताना काडीचा फरक नाही, १४४ च्या मॉनिटरवर पुढचे फ्रेम दिसणार कुठून. व्हिडिओ एक्सपोर्ट लवकर व्हायला लागला, पण ते दोन जास्तीचे कोअर आणि नवीन आर्किटेक्चरमुळे, साध्या ५७००एक्स वरही तेवढंच झालं असतं.

पुढे जानेवारी २०२४ मध्ये ५७००एक्स३डी आला २४९ डॉलरला, तीच ९६ एमबी कॅश, बूस्ट ४.१. त्याने ह्या हिशोबात मोठा फरक पडला, गेममध्ये थोडासाच मागे आणि भाव लाँचच्या ५८००एक्स३डी च्या जेमतेम निम्म्याच्या वर. २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव भडकले तेव्हा ज्यांच्याकडे डीडीआर४ चा चालू सेटअप होता त्यांच्यासाठी सेकंड हँड एक्स३डी शोधणं पुन्हा शहाणपणाचं झालं. सेकंड हँड घेताना पिना भिंगातून बघून घ्या आणि समोर अर्धा तास गेम चालवून तापमान बघा.

गेल्या वर्षी मामेभावाने १४४०पी चा मॉनिटर घेतला. आता त्याच गेममध्ये ३०६० टीआय ९८ टक्क्यांवर चिकटलेलं असतं आणि प्रोसेसर वाट बघत बसतो. तो मॉनिटर २०२२ मध्येच त्याच्याकडे असता तर मी ५६०० च सांगितला असता आणि उरलेले पैसे कार्डासाठी ठेवायला लावले असते.